नवलाईच्या पाठीमागची लाट

ज्या दिवशी भूकंप झाला आणि कुसवंडे गावाला तो कळलाच नाही, त्या दिवशी दामोदरशास्त्री पुराणिक नवलाई देवीच्या गाभाऱ्यात अभिषेकाला बसले होते. ताम्हनात पाणी होते, समईची ज्योत सरळ उभी होती, आणि सभामंडपातल्या भाविकांचे फोन एकदम वाजू लागले. धरणाच्या जलाशयाखाली भूमी हादरल्याची ती सूचना होती. सवयीने सगळे उठले, दाराकडे धावले आणि उंबरठ्यात थबकले. बाहेर काहीच घडत नव्हते. शास्त्रीबुवा मात्र जागचे हलले नव्हते. त्यांची दृष्टी ताम्हनावर खिळली होती. पाण्यावर केसाएवढा एक शहारा उठला, विरला, आणि त्यामागून जी मोठी लाट यायची ती आलीच नाही.

"झाला नाही वाटतं," उंबरठ्यातून कोणी म्हणाले.

"झाला," शास्त्रीबुवा म्हणाले. "आपल्यापर्यंत पोचला नाही, इतकंच."

आणि त्यांनी अर्धवट राहिलेला मंत्र पुढे सुरू केला.  वयाची पंचाहत्तरी उलटलेल्या या नैयायिकाने, न्यायदर्शनाच्या पंडिताने, जन्मभर शिष्यांना अभाव हा पदार्थ शिकवला होता. घट नसणे हेही एक असणे आहे, हे शेकडो वेळा समजावले होते. न आलेली लाट त्यांनी त्या दिवशी प्रथम डोळ्यांनी पाहिली.

ही गोष्ट सन २०४३ मधली. कुसवंडे हे सह्याद्रीच्या कुशीतले गाव. त्याच्या पश्चिमेला धरण, आणि धरणात पाणी साठू लागल्यापासून दर पावसाळ्यानंतर भूमीची कुरबुर ठरलेली. ती थोपवण्यासाठी गावाबाहेर 'तरंगबंध' बांधला होता, आणि तो बांधला होता शास्त्रीबुवांच्या मुलीने, डॉक्टर मैथिली पुराणिक हिने.

भूमी हादरते तेव्हा तिच्यातून तीन जातींचे तरंग निघतात. पहिला अनुतरंग. ज्या दिशेने जायचे त्याच दिशेने तो भूमीला दाबतो आणि सैल सोडतो. हवेतून ध्वनी जातो तो असाच. दुसरा अवतरंग. तो पुढे जातो, पण भूमीला हलवतो ते आपल्या वाटेशी आडवे. दोरीचे टोक झटकले की तिच्यातून जी वळवळ धावत जाते, तिची ही जात. हे दोघे भूमीच्या पोटातून प्रवास करतात. तिसरा पृष्ठतरंग. तो खोलात शिरत नाही. भूपृष्ठाला धरून, मातीच्या कणाकणाला लंबवर्तुळात फिरवत, समुद्रावरच्या लाटेसारखा चालत येतो. तो येतो सर्वांच्या मागून, आणि घरे पाडतो ती बहुधा तोच. या तिघांत एक नवल समान आहे. माती कुठेही जात नाही. धरणाखालची माती धरणाखालीच राहते, गावाची गावात. प्रत्येक कण आपल्या जागी क्षणभर डोलतो आणि शेजाऱ्याला डोलायला सांगतो. प्रवास घडतो तो केवळ त्या सांगण्याचा.

मैथिलीने हे प्रथम समजावले तेव्हा शास्त्रीबुवा मनापासून हसले होते. शब्द कानापर्यंत कसा पोचतो, यासाठी जुन्या नैयायिकांचा वीचीतरंगन्याय होताच: एक लाट विरते ती दुसरीला जन्म देऊन.

"तुमच्या विद्यापीठात आमचंच उष्टं वाढतात की काय?"

"उष्टं नाही, अण्णा. तुम्ही लाट पाहिलीत, पण मोजली नाहीत."

"मोजत बसलो असतो तर पाहायची राहिली असती."

"आणि हा तरंगबंध आपल्या पूर्वजांना ठाऊक होता, असं देवळात कुणाला सांगू नका."

"खोटं बोलायला मला पूर्वज कशाला हवेत?" शास्त्रीबुवा म्हणाले होते.

पृष्ठतरंगाला भिंत घालून अडवता येत नाही. भिंत त्याच्याबरोबर डोलते. पण त्याला भुलवता येते. गावाच्या पश्चिमेला खडकात खोल खड्ड्यांच्या रांगा खोदल्या होत्या. प्रत्येक खड्ड्यात एक पोलादी स्तंभ; बुंधा खडकात पक्का, माथा मोकळा. झोपाळ्याला जशी आपली स्वतःची लय असते, तशी प्रत्येक स्तंभालाही असते. उंच स्तंभ संथ डोलतो, ठेंगणा चपळ. लाटेला आधी उंच भेटावेत, मग त्याहून कमी, मग आणखी कमी. अशा उतरत्या रांगेतून जाताना एका स्थानी लाटेची भूपृष्ठावरची पकड सुटते. तिची जातच पालटते. पृष्ठतरंगाचा अवतरंग होतो आणि तो भूमीच्या खोल अंधारात बुडी मारतो. वरचे गाव निश्चिंत राहते.

हे सारे भूमीखाली. वरून पाहणाऱ्याला दिसत ती केवळ गोल झाकणे, एकसारखी, शेकड्यांनी.

*

धरण आणि तरंगबंध यांच्यामध्ये पाठवाडी आहे. नवलाईचे मुख पूर्वेला. तिच्या पाठीमागे वसलेली म्हणून पाठवाडी. धरणात घरे बुडालेले गवळी तिथे आणून वसवले होते. तिथल्या अंगणवाडीत शिकवणारी वनिता ढेबे ही मैथिलीची शाळेपासूनची मैत्रीण. अभिषेकाच्या त्या दिवसानंतर मैथिली पुण्याहून गावी आली. ग्रामपंचायतीने तिचा सत्कार ठेवला होता. सत्काराच्या आदल्या दुपारी ती वनिताकडे जेवायला गेली.

"ये बाई, डॉक्टरीण," वनिता म्हणाली. "शाल आजच पांघरून येशील असं वाटलं होतं."

"टोमणे नंतर मार. भूक लागलीय."

नाचणीची भाकरी आणि पावट्याची आमटी होती. वनिताच्या घराच्या भिंतीवर छतापासून जमिनीपर्यंत एक भेग उतरली होती. तिच्यावर सिमेंटचे ताजे लिंपण होते.

"ही कधीची?"

"तुझा बंध झाल्यानंतरची."

मैथिलीला तो नेहमीचा थट्टेचा सूर वाटला. ती उत्तर देणार, तेवढ्यात फळीवरची भांडी किणकिणली आणि जमीन पायांखालून सरकल्यासारखी डोलली. दोघी अंगणात आल्या. धक्का लहान होता. गोठ्यातली म्हैस हंबरली आणि थांबली. मैथिली आत जायला वळली, तसा वनिताने तिचा दंड धरला.

"थांब. अजून यायचाय."

"कोण?"

"तोच."

आणि तो आला. या वेळी पहिल्याहून जड, संथ, पूर्वेकडून. गावाच्या दिशेने. चुलीशेजारची कळशी आडवी झाली. मैथिलीने जन्मभर तरंगांचा अभ्यास केला होता. अंगणात उभे राहून, अनवाणी तळव्यांनी, लाट परत फिरलेली तिला प्रथमच कळत होती. क्षणभर भय नव्हतेच. होता केवळ विस्मय. एवढी विराट वस्तू, आणि ती दारावरून परत पाठवलेल्या माणसासारखी परतत होती.

"आमच्याकडे दोनदा येतो," वनिता म्हणाली. "जाताना एकदा. मग काहीतरी विसरल्यासारखा माघारी. आम्ही पोरांनासुद्धा शिकवलंय, पहिला गेला की आत पळायचं नाही. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"नाही."

"कुणाला सांगितलं तर म्हणतात, भास होतो. गावात तर काहीच होत नाही."

गावाच्या बाजूला तरंगबंधाजवळ प्रकाश वाहणाऱ्या काचेच्या तारा पुरल्या होत्या. मातीचा सूक्ष्मतम कंपही त्या टिपत. पाठवाडीच्या बाजूला मात्र तार पुरलेलीच नव्हती. तिकडचे काय ऐकायचे, असे कोणी ठरवले नव्हते. ते कोणाच्या मनातच आले नव्हते. मैथिलीच्याही नाही.

*

खड्डे खणून स्तंभ उभारले होते ते इस्माईल मुजावर या मुकादमाच्या हाताखाली. उभारणीच्या दिवसांत मैथिली दूर हिमालयात दुसऱ्या कामावर होती आणि फोनवरून सूचना देत होती. आता तिने मुजावरांना बोलावून पाठवाडीकडच्या पहिल्या रांगेतले झाकण उघडायला लावले आणि आत विजेरी सोडली. प्रकाश लगेच पोलादाच्या तळाशी पोचला. स्तंभ ठेंगणा होता.

"मुजावरचाचा, ठेंगणे इकडे कसे?"

"तुम्हीच सांगितलं ना, ताई. उंच पुढे, ठेंगणे मागे."

"पुढे म्हणजे धरणाकडे. लाट जिकडून येते तिकडे."

मुजावरांनी तिच्याकडे पाहिले. त्या पाहण्यात उद्धटपणा नव्हता, नुसते नवल होते.

"धरण तर मागे आहे, ताई."

कुसवंड्यात जन्मलेल्या माणसाला यापलीकडे काही सांगायचे नसते. त्या गावात पुढे म्हणजे देवीच्या पुढे, आणि मागे म्हणजे तिच्या पाठीमागे. दुकान पुढे असते, स्मशान मागे असते. वाटसरूला रस्ता असाच सांगतात, आंधळ्याला असेच नेतात. मुजावरांच्या तीन पिढ्या देवीच्या यात्रेत मांडव घालत आल्या होत्या. त्यांची पुढची बाजू दुसरी असणे शक्यच नव्हते. आणि मैथिली त्याच गावात वाढलेली. पण फोनवर बोलताना ती देवीच्या गावची नव्हती, लाटेच्या समोर उभी होती.

संध्याकाळी तिने हे वडिलांना सांगितले. शास्त्रीबुवा पाठशाळेच्या ओसरीवर बसले होते. 

"पूर्व म्हणजे काय, मैथिली?"

"अण्णा, आत्ता परीक्षा नको."

"परीक्षा नव्हे. पूर्व म्हणजे पुढचं. पूर्व म्हणजे उगवतीचं. पूर्व म्हणजे आधीचंही. कुणीतरी सूर्याकडे तोंड करून उभा राहिला आणि त्याच्या समोर जे होतं त्याला त्यानं एकच नाव दिलं. उजव्या हाताला दक्षिण. पाठीला पश्चिम. भाषेच्या पोटातच हे आहे. मुजावर चुकला नाही, तूही चुकली नाहीस. दोघं आपापल्या सूर्याकडे तोंड करून उभे होता."

"आणि मार पाठवाडीला."

"ते खरं," शास्त्रीबुवा म्हणाले. मग त्यांनी विचारले, "उलट रांगेत लाट करते काय?"

"चढत्या स्तंभांतून जाताना ती मंदावत जाते. तुंबते. बुडी मारायला तिला वाट सापडत नाही, म्हणून माघारी फिरते. गावाला यातला फरक कळतच नाही, अण्णा. लाट खोल गेली काय नि परतली काय, गाव वाचतंच."

"म्हणून गावाला ते दुरुस्त करावंसं वाटणार नाही."

"जलाशय काठोकाठ भरलाय. यंदा लहान धक्क्यांची दाटी वाढते आहे. मोठा आला, तर पाठवाडीच्या भिंती पहिल्याला टिकतील. परतणाऱ्याला टिकणार नाहीत."

सत्कार रद्द करावा, असे तिने सरपंचांना त्याच रात्री कळवले आणि त्याऐवजी ग्रामसभा मागितली.

*

सभा सभामंडपात भरली. सरपंच शोभाताई यादव मधोमध बसल्या होत्या. पाठवाडीची माणसे खांबांच्या कडेने उभी होती. मैथिलीने घडलेले सारे सांगितले, 'पुढे' या शब्दासकट. कोणी हसले नाही.

"स्तंभ उपटायचे?" शोभाताईंनी विचारले.

"उपटायला वर्ष जाईल. दुसरा मार्ग आहे. ठेंगण्या स्तंभाच्या माथ्यावर भार ठेवला की तो उंचासारखा संथ डोलतो. उंच स्तंभाला मध्येच पाचरी मारून आवळला, तर त्याचा वरचा तुकडाच मोकळा राहतो आणि तो ठेंगण्यासारखा चपळ होतो. म्हणजे रांग उलटते. प्रत्येक माथ्यावर घमेलं बसवलेलं आहेच. त्यात वाळू आणि लोखंडाचा चुरा भरायचा. हातानं भरायचा, यंत्रं त्या रांगांमध्ये शिरत नाहीत."

"किती दिवस?"

"पंधरवडा. माणसं मिळाली तर."

"आणि तोवर बंध?"

"नसल्यासारखा. ना असा, ना तसा."

"त्या पंधरवड्यात मोठा आला तर?"

"तर सगळ्यांना सारखाच लागेल."

"म्हणजे आम्हालाही."

"हो."

 शोभाताई वाईट बाई नव्हत्या. गावात प्रसूतिगृह होते, शाळा होती, दोनशे वर्षांची पाठशाळा होती, आणि या सगळ्यांची राखण त्यांच्या गळ्यात होती. मागच्या बाजूने एक दुकानदार म्हणाला, "एवढं करण्यापेक्षा पाठवाडीलाच तात्पुरतं हलवा की. सोपं पडेल."

"एकदा हलवलंय," वनिता खांबापासून म्हणाली. "हे धरण बांधलं तेव्हा. तेव्हाही तात्पुरतं म्हणाले होते."

 मग एक म्हातारा पुटपुटला, "देवीचीच इच्छा असेल तशी. गावावर तिची दृष्टी आहे."

तेव्हा शास्त्रीबुवा बोलले. सभेत ते क्वचितच बोलत.

"दृष्टी पुढे असते, मान्य. पण संकटात आपण काय म्हणतो, रामजी? देवी माझ्या दृष्टीपुढे आहे, असं म्हणतो का? देवी पाठीशी आहे, असं म्हणतो. तिच्या पाठीशी कोण राहतं, ते जरा बाहेर जाऊन बघून या."

"शास्त्रीबुवा, तुमची पाठशाळा पहिली पडेल," शोभाताई म्हणाल्या. "मातीची आहे."

"ठाऊक आहे. विद्यार्थ्यांना उद्यापासून आंब्याखाली बसवतो. व्याकरणाला छप्पर लागत नाही."

शोभाताईंनी हात वर करायला सांगितले. निम्म्याहून थोडे अधिक हात वर झाले. मैथिलीने वडिलांकडे पाहिले. त्यांचा हात कोपरापर्यंतच उठला होता. खांदा दुखत असे, म्हणून. तो खांद्यामुळेच अर्धा राहिला का, याचा ती मात्र काही वेळ विचार करत राहिली.

*

काम सुरू झाले. नदीची वाळू ट्रॅक्टरने रांगांच्या तोंडापर्यंत येई, पुढे माणसांची साखळी. पाठवाडीची सगळी माणसे आली. गावातली आली ती ज्यांनी हात वर केले होते तीच, आणि त्यांतलीही सगळी नव्हेत. दुपारी खड्ड्याच्या काठावर बसून भाकरी खाताना वनिताने मैथिलीला विचारले, "तुझ्या लाटेला हे घमेलं कळतं कसं गं? एवढी डोंगराएवढी ती, नि हे एवढंसं."

"एकटं घमेलं तिला कळत नाही. पण शेकडो स्तंभ एका लयीत डोलायला लागले, की तिला वाटतं जमीनच बदलली. प्रकाशाचंही असंच. काचेत शिरला की वळतो. काचेतला एकेक कण केवढासा असतो."

"म्हणजे साखळी."

"साखळीच."

निम्म्या रांगा उलटल्या होत्या तेव्हा, सकाळी, मोठा भूकंप आला.

बंध झाल्यापासून गावाने तो पहिल्यांदाच पुरा अनुभवला. आधी अनुतरंगाचा दणका, तळघरात कोणी पोते आपटावे तसा. मग अवतरंगाचे आडवे हेलकावे. आणि मग ती, जी कित्येक महिने त्यांच्या दारापर्यंत आली नव्हती. रस्ता लाटेसारखा उचलला गेला आणि खाली बसला. प्रसूतिगृहातून बायका तान्ह्या मुलांना छातीशी धरून बाहेर आल्या. शास्त्रीबुवा आंब्याखाली शिष्यांसह उभे होते. दोनशे वर्षांची पाठशाळा त्यांच्या डोळ्यांदेखत गुडघे टेकावेत तशी खाली आली. धुळीचा लोट आंब्यापर्यंत आला आणि आतल्या पोथ्यांचा वास घेऊन पुढे गेला. जीव कोणाचाही गेला नाही. पाठवाडीतही नाही, तिथे लाट एकदा आली आणि पुढे निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तरंगबंधावर गावातले कोणी आले नाही. आले ते थेट शोभाताईंकडे. घमेली रिकामी करा, पाचरी काढा, बंध होता तसा करा, अशी त्यांची मागणी होती. आता पूर्वीहून दुप्पट हात त्यांच्या बाजूला होते, कारण भीती आता ऐकीव राहिली नव्हती.

शोभाताई उत्तर न देता मैथिलीकडे गेल्या. ती एकटीच एका खड्ड्याशी बसली होती. आदल्या दिवसापासून वडील तिच्याशी एक शब्दही बोलले नव्हते. ढिगाऱ्यातून पाने वेचत होते.

"काल जो आला," शोभाताई म्हणाल्या, "हा पाठवाडीला प्रत्येक वेळी असा बसायचा?"

"असा जाताना. येताना याहून मोठा."

शोभाताईंनी पदर खोचला. त्यांनी वाळूचे घमेले उचलायला घेतले आणि ते त्यांना एकटीला उचलेना. मैथिलीने दुसरी कड धरली. त्या दोघींना तसे चालताना पाहून पाठीमागून आलेले लोक काही वेळ उभे राहिले. मुजावर खड्ड्यात उतरून पाचर धरत म्हणाले, "हातोडा द्या कुणीतरी. नुसतं बघून ही बसणार नाही." तेव्हा काही जण परत फिरले. काही जण खाली उतरले.

शास्त्रीबुवा तिसऱ्या दिवशी आले. हातात आपल्या ताटाएवढी लहान टोपली होती. मैथिली पुढे झाली.

"अण्णा, तुमचा खांदा."

"पाठशाळा पडली त्याचं मला दुःख झालं," ते म्हणाले. "ते लपवून मी इथे येऊ शकत नव्हतो, म्हणून दोन दिवस आलो नाही. आता वाळू दे."

*

काम पुरे झाल्यावर मैथिलीने प्रकाशाची तार धरणापासून पाठवाडीच्या मधून थेट देवळापर्यंत पुरली. तिचे कंप रेघांत दाखवणारे दर्शक वनिताच्या अंगणवाडीच्या ओसरीवर ठेवले. अनेक आठवडे त्यावर नुसत्या बारीक रेघा चालत. मग एका दुपारी, मुले जेवून झोपली असताना, धरणाखालची भूमी मध्यम बळाने हादरली.

ओसरीवर त्या वेळी मैथिली, वनिता, शास्त्रीबुवा आणि शोभाताई असे चौघे होते. देवळाच्या दुरुस्तीचे बोलणे चालले होते. जमीन डोलली. लाट पाठवाडीखालून पूर्वेकडे गेली. वनिता उठली नाही. तिने दोन्ही तळवे भुईवर टेकले आणि वाट पाहू लागली. शोभाताईंनीही टेकले. दर्शकावर लाटेचे शिखर तरंगबंधाकडे सरकताना दिसत होते. पहिल्या रांगा. दुसऱ्या. एका स्थानी ते शिखर झुकले, जणू कोणी त्याला हाक मारली, आणि भूपृष्ठावरून नाहीसे झाले. देवळाकडची रेघ सरळ होती. पाठवाडीकडची रेघही सरळच राहिली. माघारी कोणी आले नाही.

भुईवरचे तळवे बराच वेळ कोणी उचलले नाहीत.

"गेला कुठे?" शास्त्रीबुवांनी अखेर विचारले.

"खाली. आता तो अवतरंग आहे."

"किती खाली?"

"एकोणतीसशे किलोमीटर. तिथवर खडकच आहे. त्यापुढे गाभा. वितळलेल्या लोखंडाचा."

"आणि गाभ्यात?"

"गाभ्यात तो शिरू शकत नाही, अण्णा. अनुतरंग द्रवातून जातो, कारण पाणी दाबता येतं. पण आडवं हलवायचं तर कणांनी एकमेकांना घट्ट धरलेलं लागतं, आणि द्रवात कोणी कोणाला धरत नाही. गाभ्याचा बाहेरचा थर द्रव आहे हे माणसाला कळलं तेच यावरून. अवतरंग तिथून पलीकडे पोचत नाहीत."

"मग तिथेच विरतो?"

 हा मैथिलीने मनात धरलेला पण न बोललेला भाग होता, कारण एवढ्या क्षीण खुणेची खात्री तिलाही नव्हती.

"नाही. गाभ्याच्या काठावरून परततो. सगळी वाट पुन्हा चढून येतो. जायला-यायला पाव तास लागतो."

शोभाताईंनी भुईवरचे हात दचकून मागे घेतले. वनिताने मैथिलीकडे पाहिले, आणि त्या पाहण्यात सारा जुना प्रश्न होता.

"येऊ दे," मैथिली म्हणाली. "बघ तू."

चौघे बसून राहिले.  खाली, कोणत्याही विहिरीहून, कोणत्याही खाणीहून, कोणत्याही समुद्राच्या तळाहून खोल, त्यांच्याच डोंगरात उठलेला एक कंप पृथ्वीच्या तापल्या खडकांतून उतरत होता. माती माती राहत होती, खडक खडक राहत होते, आणि कण कणाला सांगत ते सांगणे गाभ्याच्या काठाशी पोचत होते. शास्त्रीबुवांचे ओठ हलत होते. आत एका मुलाने झोपेत काहीतरी पुटपुटले. ऊन ओसरीच्या दुसऱ्या फरशीवर सरकले.

मग दर्शकावरच्या रेघांना, श्वास घेताना नाकपुडी हलावी तितका, एक कंप आला. पाठवाडीकडच्या रेघेवर. देवळाकडच्या रेघेवर. दोन्हीकडे एकाच वेळी, सारखाच, तळातून वर.

"हाच?" वनिताने विचारले.

"हाच."

वनिताने भुईवरचे तळवे तसेच ठेवून मान वळवली आणि आत पाहिले. पृथ्वीच्या गाभ्याला शिवून आलेला तो तरंग अंगणवाडीखालून वर गेला होता, आणि सतरंजीवर ओळीने झोपलेल्या पोरांपैकी एकानेही कूस बदलली नव्हती.